टाचेचा रिपोर्ट

९ ऑक्टोबर, गुरुवार
सून म्हणाली, बाबा, मनात येईल ते लिहून काढा, हलकं वाटतं. माझ्या मनात काही नाही. एका ओळीत काम संपेल.
डाव्या टाचेवर काळा डाग. मला वाटलं, दुकानातलं वार्निश. मोटारी रिवाइंड करण्यात जन्म गेला, अंगावर वार्निश असायचंच. थिनरनं पुसला, ब्लेडनं खरवडला. गेला नाही, वाढला. सुनेनं पाहिला आणि दंडाला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तुकडा कापून तपासायला पाठवला. कॅन्सर असू शकतो म्हणाल्या. असू शकतो! लॉटरीसुद्धा लागू शकते. अजून लागली नाही.
रिपोर्टला आठ-दहा दिवस. तोपर्यंत विषय बंद.
ओळी जास्त झाल्या. पेन नवीन आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
विषय बंद.
टाच टेकवायची नाही, म्हणून चवड्यावर नाचत दुकानात गेलो. बायको म्हणाली, घरी बसा. घरी बसून काय टाचेकडे बघू?
एका पंख्याची कॉइल भरली. वेढे मोजताना आकडा विसरलो. उलगडली. परत भरली. परत विसरलो. हल्ली तारच खराब येते.

११ ऑक्टोबर, शनिवार
मोबाईलवर काही वाचायचं नाही, असं सुनेनं बजावलंय. वाचलं नाही. फक्त असल्या डागांचे फोटो बघितले. जेवायच्या आधी सगळे, जेवल्यावर परत सगळे. एकही माझ्यासारखा नाही. दोन होते, पण ते उजव्या पायाचे.
बायको पाय पसरून बसली होती. तिच्या टाचा बघून घेतल्या. म्हणाली, इतक्या वर्षांनी माझ्या पायात काय सापडलं? म्हटलं, भेगा पडल्यात, मलम लाव.
भेगाच आहेत. नीट बघितलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी अनोळखी नंबर. गोड आवाजाची पोरगी. आधी नाव विचारलं, मग जन्मतारीख. हे चोर असंच सुरू करतात. म्हटलं, तुझ्या बापाची विचार आधी! ठेवला. परत वाजला. ब्लॉक केला. बायकोला सांगितलं, बघ, डोकं शाबूत आहे माझं. दिवसभर बरं वाटलं.
बँडेज सोडून बघितलं. फक्त टाके नीट आहेत का एवढंच. परत बांधता येईना. सुनेनं बांधलं. वरून चिकटपट्टीचे चार वेढे जास्त दिले. 

१४ ऑक्टोबर, मंगळवार
लॅबला फोन करायचा नाही, हे पक्कं. माणसाला दम पाहिजे.
उघडल्या उघडल्या केला. फक्त चौकशी. सुनेच्या फोनवरून, माझी बॅटरी कमी होती.
कालचीच पोरगी! म्हणाली, काल आम्ही फोन केला होता, कोणीतरी आजोबा अंगावर आले. म्हटलं, असतात घरात एक, त्यांना समजत नाही.
भानगड अशी. फॉर्मवर मी खरी जन्मतारीख सांगितली, आई सांगायची ती. कॅन्सरच्या कामात खोटं कशाला? आधार कार्डावर आहे एक जून, मास्तरांनी शाळेत घालताना ठोकून दिलेली. आमच्या वर्गातले निम्मे एक जूनलाच जन्मले. तारखा जुळेनात, माणूस एकच की दोन ते कळेना, म्हणून माझ्या तुकड्याची बाटली बाजूला ठेवून दिली. तपासलीच नाही. आठ-दहा दिवस आता आजपासून.
म्हटलं, बाई, दोन्ही मीच. चूक मास्तरांची. ती म्हणाली, आजोबा, काल सांगितलं असतं तर... म्हणजे ओळखलंच होतं.
चार यत्ता शिकलो, त्या आत्ता नडल्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
हॉटेलवाला दुकानात. मी भरून दिलेला एक्झॉस्ट फॅन त्याचा. म्हणाला, काका, धूर बाहेर जायचा सोडून आत येतोय, आचारी रडतोय. जोडणी उलटी झालेली. माझ्या हातून, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, फिरतोय ना? मग! भांडेल असं वाटलं. भांडला नाही. स्टूल पुढे केलं. काका, बसा, पाय कसा आहे?
म्हणजे गल्लीभर बोंब झालेली. सुनेला झापायला तसाच घरी गेलो. ती मोरीत उभी. नळ पूर्ण सोडलेला, खाली बादलीच नाही. डोळे लाल.
नळ बंद करायला सांगितलं. झापायचं राहिलं.

२० ऑक्टोबर, सोमवार
लॅबला आज फोन केला नाही. शुक्रवारी केला, शनिवारी दोनदा केला. काल त्यांचं बंद असतं, तरी वाजवून बघितला. शनिवारी पोरगीच म्हणाली होती, आजोबा, आम्हीच कळवू.
जेवण जात नाही. अॅसिडिटी.
लॅबचा नंबर अजून ब्लॉक तर नाही ना, ते सुनेकडून तीनदा तपासून घेतलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
दवाखान्यातून बोलावणं आलं. म्हटलं, एकटा जाणार, वरात नको. बायको टॅक्सीत आधीच जाऊन बसलेली.
ठरवलं होतं, आत गेल्या गेल्या सरळ विचारायचं: आहे की नाही? आत गेलो आणि म्हणालो, बाई, तुमचा पंखा आवाज करतोय. बेअरिंग गेलंय. मग बेअरिंगवरच बोलत सुटलो. ग्रीस कुठलं, किती दिवस टिकतं. थांबता येईना. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. माझं संपलं. मग त्यांनी सांगितलं.
आहे.
फार खोल नाही. टाचेचा अजून थोडा भाग काढायचा. जांघेत सगळ्यांनाच गाठी असतात म्हणे, त्यातली एक काढायची, ती पण तपासायला जाणार. पुढचं त्यावर. बायकोनं सगळं विचारलं. मी पंख्याकडे बघत होतो.
टॅक्सीत बायकोला म्हटलं, तू घाबरू नकोस, मी आहे ना. ती म्हणाली, हो. जरा वेळानं म्हणाली, अहो, हात सोडा ना माझा, बोटं दुखायला लागली.
बघितलं तर खरंच. कधी धरला होता, कोण जाणे.