गूसबेरीच्या जॅमची साक्ष

४ फेब्रुवारी
दाव्यात तडजोड झाली एकदाची! विकायच्या जॅमच्या बरणीवर मी ‘निव्वळ नैसर्गिक’ छापलं, आत चिमूटभर लिंबूसत्त्व – म्हणे ग्राहकांची फसवणूक! जिच्या नावानं दावा लावला, त्या बाईनं माझा जॅम चाखलासुद्धा नव्हता. माझ्या पैशांनी तिच्या वकिलाचं मात्र पोट भरलं. चोर ते चोर, वर शिरजोर!

११ फेब्रुवारी
व्यापारी संघाचा क्रेग आला होता. साखरेत घोळलेली जीभ. राज्याचा ग्राहक-फसवणूक कायदा बदलून असल्या खाजगी दाव्यांना चाप लावायचाय. यापुढे ग्राहकानं दावा जिंकला तरी त्याच्या वकिलाची फी विक्रेत्यानं द्यायची नाही. “मोठ्या कंपन्यांचं कोण ऐकतं, आजी? तुमच्यासारखं माणूस पुढे हवं.”
आजी! एकसष्टच वर्षांची आहे मी. पण आमदारांपुढे साक्ष द्यायला जाणार. त्या वकिलांची खोड मोडायलाच हवी.

१९ फेब्रुवारी
व्हर्नाच्या स्वयंपाकघरात साक्ष पाठ केली. धाकटी बहीण, पण मास्तरीण. “रडू नकोस ताई, मोठ्यानं बोल.” मध्येच खोकायची. नवं म्हणून घेतलेलं तिचं कारखान्यात बनवलेलं तयार घर आधी पुरात बुडालेलं निघालं. भिंतींत बुरशी. डॉक्टर म्हणतात, घर सोडा – जाणार कुठे? तिचाही वकील दावा तयार करतोय. म्हटलं, तुझं वेगळं, तू खरंच फसलीयेस.

२६ फेब्रुवारी
व्हर्नाला घेऊन राजधानीत. साक्षीच्या कागदावर ‘बाजूने’ला खूण केली. क्रेगच्या सांगण्यावरून जॅम लावलेली बिस्किटं नेली होती. आमदारांनी बोटं चाटली. “बाई, कृती द्याल का?” कायद्याबद्दल एकानंही विचारलं नाही! मागे सूटवाल्यांची रांग. त्यातला एक क्रेगला म्हणाला, “म्हातारी झकास शोधलीस.” ऐकलं आणि उरलेली बिस्किटं डब्यात भरली. लाज वाटली. मी न अडखळता साक्ष दिली तेव्हा व्हर्ना मात्र टाळ्या वाजवत होती.

१४ मे
मंजूर. क्रेगनं छापील कार्ड पाठवलं. माझं नावसुद्धा चुकवलंय.

२ जून
व्हर्नाच्या वकिलानं कागद परत केले. दावा लावायच्या आतच नवा कायदा आला – आता फी कोण देणार?
तशीच तिच्याकडे गेले. म्हटलं, “असं होईल हे ठाऊक होतं तुला?”
“वकिलानं जानेवारीतच सांगितलं होतं.”
“मग टाळ्या कशाला वाजवल्यास ग?”
“जन्मात पहिल्यांदा चारचौघांत न घाबरता बोलत होतीस, ताई.”