मुरूडची मोहीम

१९ मार्च २००३
सायलीची बारावीची परीक्षा संपली. जूनपासून ती मिरजेला, नर्सिंगला. म्हणजे यापुढे घरी येणार ती पाहुण्यासारखी. त्याआधी तिला समुद्र दाखवायचा.
तिच्या आईने, सोजरानेही पाहिलेला नाही. मीही नाही, पण माझं त्या विषयावर वाचन आहे.
निर्णय: मेच्या पहिल्या आठवड्यात दापोलीजवळचं मुरूड. वाळूत बसून भेळ खाणारे आपण नव्हे. पोहणे, बोटिंग, किल्ला, पहाटे बीचवर रनिंग. फुल ॲक्टिव्ह हॉलिडे. लीडर: मी.
जेवताना जाहीर केलं. सायली ताटावरून उठून नाचली. सोजरा म्हणाली, "आधी रजा टाका."
काही माणसांना व्हिजनच नसतं.

२० मार्च
आजपासून पहाटे उठून स्टॅमिना वाढवायचा होता. उठलो नाही. कालच्या प्लॅनिंगने मेंदू थकला असणार.

२३ मार्च, रविवार
रेल्वे ग्राउंडवर धावलो. कॉलनीतलं पिवळं कुत्रं मागे लागलं. एरवी माझा खरा स्पीड मला कळला नसता.
गुडघा दुखतोय. सोजराने शेकायला विटकर दिली आणि विचारलं, "रजेचं काय झालं?" म्हटलं, माणूस इथे जखमी आहे.

२ एप्रिल, पाडवा
मुहूर्तावर तंबू आणला. मंडपवाल्याकडचा जुना आहे, पण कापड दणकट. लॉजमध्ये राहायचं तर दौंडात काय वाईट आहे?
दुपारी क्वार्टरमागे ट्रायल घेतली. उभा राहिला. आत जाऊन बसलो. फार शांत वाटलं. मग पडला. शेजारच्या साखरबाईंच्या कुरडया वाळत होत्या, त्याही आल्या त्यात. साखरबाई म्हणाल्या, "भावजी, एवढा समुद्र समुद्र करता, आन् अंगण तरी पुरतंय का तुम्हाला?"
सोजरा आता त्यांना नव्या कुरडया करून देतेय. मला गहू वाटायला बसवलंय. तंबूचं डिझाइनच चुकीचं होतं.

४ एप्रिल
सोजराने परस्पर खोली ठरवली. साखरबाईंच्या भाचीच्या ओळखीतलं घर, अगदी समुद्राला लागून. गाडी सोजराच्या भावाची, कवठे येमाईच्या संपतरावांची ट्रॅक्स. मला विचारलंही नाही.
पण म्हटलं, किरकोळ कामं टीमने केली तर लीडर मोठ्या गोष्टींकडे लक्ष देऊ शकतो.

१३ एप्रिल, रविवार. कवठे येमाई
पोहायच्या सरावासाठी सासुरवाडीला. मला पोहता येतं हे लग्नापासून इथं सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी भीमेत पडलो होतो आणि बाहेरही आलो होतो. याला दुसरं काय म्हणतात?
विहीर फार खोल. पाणी काळं. संपतरावांनी पाठीला डबा बांधला. म्हटलं, डबा लहान पोरांना. तरी बांधून घेतला, त्यांचं मन मोडायला नको. उतरलो. मोटारीचा पाईप हाताला लागला तो धरला.
संपतराव वरून ओरडत होते, "दाजी, पाईप सोडा!"
म्हटलं, पाण्याचा अंदाज घेतोय.
"अवो अंदाज घ्या, पण पाईप सोडा. जुना हाय त्यो, जॉइंट निघंल!"
जॉइंट निघाला. मला दोर टाकून वर घेतलं. उसाचं पाणी आज बंद.
सायलीने सकाळी डबा बांधून सुरुवात केली, संध्याकाळी डब्याशिवाय या काठावरून त्या काठाला गेली. शेवटी रक्त कुणाचं.

२१ एप्रिल
सोजरा रोज विचारते. तिला किती वेळा सांगायचं, रजा मागायचंही एक टायमिंग असतं. साहेबांचा मूड बघावा लागतो. आज मूड होता, पण माझा नव्हता.

२६ एप्रिल
अर्ज दिला. साहेबांनी तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून हसले. सुट्टीच्या गर्दीच्या जादा गाड्या आहेत. बुकिंगचे आपटे आणि गायकवाड रजेवर, त्यांनी फेब्रुवारीतच अर्ज दिले होते. "हौसराव, तुम्हीपण गेलात तर खिडकीवर मी बसू का?"
याचा अर्थ माझ्याशिवाय दौंड जंक्शनचं तिकीट निघत नाही. एक प्रकारे गौरवच.
घरी तसंच सांगितलं. सायली उठून मागच्या दारात जाऊन बसली. सोजरा भाकरी थापत होती. थापणं न थांबवता म्हणाली, "मग आम्ही जातो. खोली सांगितलीय. दादाबी तयार हाय."
म्हटलं, मी तेच सुचवणार होतो.
भाजीत मीठ कमी होतं. जेवण गेलं नाही.

३ मे
ट्रॅक्स सकाळी निघाली. गाडीच्या खिडकीशी उभं राहून सूचना दिल्या: लाटेकडे पाठ करायची नाही, बोटीत उभं राहायचं नाही, उन्हात टोपी. टोपीवर असताना संपतरावांनी गिअर टाकला. सायली वळणापर्यंत मागच्या काचेतून हात हलवत होती.
क्वार्टर एवढं मोठं आहे हे माहीत नव्हतं.

४ मे
खिडकीवर अख्खी दुनिया सुट्टीला निघालीय. एकाने विचारलं, "गोव्याला समुद्र चांगला का अलिबागला?" म्हटलं, ही चौकशीची खिडकी नाही. तो म्हणाला, "व्हय, पण तुमच्याकडं बघून वाटलं तुम्ही फिरलेले असाल."
बरोबर ओळखलं. पण मी त्याच्यावर खेकसलो.

५ मे
गायकवाड मुदतीआधीच हजर! बायकोशी भांडून आला म्हणे. साहेब म्हणाले, "जा दोन दिवस." मी आधीपासून म्हणत होतो, टायमिंग.
लगेच निघतो. पुण्याला गाडीने, तिथून दापोलीची एसटी. सकाळी त्यांच्यासमोर एकदम उभा राहणार. साखरबाई म्हणाल्या, "फोन करून कळवा की. नंबर हाय माझ्याकडं." म्हटलं, सरप्राइजला फोन करतात का?
हाफपँट घेतली.

६ मे. मुरूड
घर सापडलं. घरमालकीण काकू अंगण झाडत होत्या. माझी ओळख सांगायच्या आत म्हणाल्या, "त्यांचे ड्रायव्हर का तुम्ही? ते तर काल दुपारीच गेले."
कवठे येमाईकडे आभाळ आलं, असा घरून फोन आला. संपतरावांचा काढलेला कांदा रानात उघडा. तडक निघाले.
काकू झाडता झाडता सांगत होत्या. मुलगी बोटीपर्यंत पोहत गेली. आई पहिल्या दिवशी लांबच उभी, कालच्या सकाळी मात्र गळ्यापर्यंत पाण्यात बसली ती उठेचना. हसत होती म्हणे. "एवढं हसणारं माणूस बघितलं नाही हो."
सोजरा?
चहा दिला. प्यायलो.
हाफपँट घालून समुद्रावर गेलो. समुद्र मोठा आहे. वाचनात आला होता त्यापेक्षा.
उतरणार तेवढ्यात एकजण म्हणाला, "पाव्हणं कुठलं?" दौंड म्हटल्यावर तो आनंदाने ओरडलाच. आमच्या दौंडजवळच्या यवतचे निघाले. सगळं कुटुंब डॉल्फिन बघायला बोटीत बसायच्या तयारीत. "गाववालं भेटलं, बरं झालं! एवढ्या चपला आन् पिशव्या बघता का? आलोच." परक्या मुलखात माणसं भरवशाचा चेहरा शोधतात. थांबलो.
भरती सुरू झाली. चपला मागे घेतल्या. पाणी पुन्हा आलं, पुन्हा मागे घेतल्या. असं बराच वेळ. मी मागे, समुद्र पुढे. ते आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि माझ्या एसटीची वेळ झाली होती. त्यांनी शेंगदाण्याचा लाडू दिला.

७ मे. दौंड
दोघी दारातच होत्या. साखरबाईंनी सांगितलं होतं. सायली उन्हाने काळी पडलीय, नाकाची साल निघालीय. सोजराने आधी रागावून घेतलं, मग चहा टाकला. कांदा झाकला गेला वेळेत.
सायली भडाभडा सांगत होती. लाट डोक्यावरून कशी जाते, खारं पाणी नाकात गेलं की कसं होतं, आई किती ओरडली. मधेच थांबली. म्हणाली, "पप्पा, तुम्ही उतरलात ना पाण्यात?"
सांगण्यासारखं बरंच तयार होतं. लाटांचा अभ्यास, वारा, भरतीची वेळ. तोंडातून आलं, "चपला होत्या."
"कुणाच्या?"
"यवतच्या लोकांच्या."
वाटलं, दोघी हसतील. हसल्या नाहीत.