दोन ग्लास हुर्राक, दहा वर्षं हप्ता

३ नोव्हेंबर २०२५. सकाळी १०.
आज अकरावा हप्ता. चार हजार. उरले एकशे नऊ. सगळे फिटतील तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा.
गुन्हा काय? दोन ग्लास हुर्राक. ती दारूसुद्धा नव्हे, काजूच्या बोंडांचा रस जरा पिकलेला. तोही मेहुण्याच्या पोराच्या बारशाला. परत येताना गुंदच्या वळणावर वासूमामा पाल्याचा भारा घेऊन चालले होते, त्यांना माझी जीप लागली. जीप लागली, मी नाही. इन्शुरन्स कंपनीने त्यांना पैसे दिले. कोर्ट म्हणालं, गाडीवाला प्यालेला होता, त्याच्याकडून वसूल करा. लायसन्स गेलं. जीप वकिलाच्या फीत गेली. आणि वर दहा वर्षं हप्ता! एका मिनिटाच्या चुकीला दहा वर्षं. जगात कुठे असं असेल?
ठरलं. हप्ता कमी करा म्हणून कोर्टाला अर्ज. पिणं आजपासून बंद, म्हणजे अर्जाला वजन येईल.

त्याच दिवशी, दुपारी १२.
जोयड्याची बस चुकली. पूर्वी जीपमधून मीच लोकांना मागे सोडून पुढे जायचो. उद्या.

५ नोव्हेंबर.
गेलो. कर्नाटक सरकारने बायकांना तिकीट माफ केलंय, त्यामुळे बसमध्ये सगळ्या बायका फुकट आणि बसलेल्या. मी चाळीस रुपये देऊन उभा. हाही अन्यायच. अर्जात घालावा का, विचार करतो.
बाबुराव कोर्टातून रिटायर झालेत, आता तालुका ऑफिससमोर अर्ज लिहून देतात. त्यांना मी मुद्दे सांगितले. त्यांनी एकच विचारलं, "वासू आता चालतो का?" म्हटलं, चालतात की, काठी घेऊन. त्यांनी अर्ज लिहून दिला आणि पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, वासूची हरकत नाही असं लिहून आणा, आणि सगळ्या हप्त्यांच्या पावत्या आणा. सोपं आहे. काम झाल्यात जमा.
संध्याकाळी अर्धा क्वार्टर. चाळीस रुपयांचा धक्का होता.

९ नोव्हेंबर. रविवार.
गुंदला गेलो. भात कापणी चालू. वासूमामा खळ्याच्या कडेला खुर्चीवर, पाय स्टुलावर. तो पाय दोन इंच आखूड झालाय. प्लेट बसवलीय म्हणे. पण चेहरा छान दिसला. बसून राहणं म्हणजे तब्येतीला बरं.
सुंदरीमामीने चहा दिला. मी अर्जाचं बोलल्यावर माझा अर्धा भरलेला कप उचलून आत घेऊन गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. कामात असतील.
वासूमामा म्हणाले, "कर बाबा अर्ज. म्हाका पैशे मेळ्ळे, ते हॉस्पिटलान खाल्ले. आता तू भर वा नको भरू, म्हजो पाय कांय लांब जावचो ना." आणि कागदावर सही केली. दिलदार माणूस. माझी बाजू त्यांना पटली.
वर म्हणाले, "तुज्या बायलेक सांग, दर म्हयन्याक इतल्या लांब येवंक नाका. लावणीक दोन दीस आयली, तितलें पुरो."
माझी बायको? शिल्पा इथे येते? जुलैत ती माहेरी गेली म्हणाली होती. चिखलात उभी राहून यांची लावणी करत होती तर. मला विचारायचं तरी. पण बरंच झालं, घराची प्रतिमा सांभाळली.
येताना जोयड्यात थोडी घेतली. सही मिळाल्याचा आनंद.

१२ नोव्हेंबर.
शिल्पा शाळेत बिसीऊट शिजवायला गेली. पोरांचं दुपारचं जेवण. तिच्या ट्रंकेतून पावत्या काढल्या. अकरा, नीट दोऱ्यात ओवलेल्या.
अकराही पावत्यांवर 'भरणाऱ्याचं नाव: शिल्पा सुदेश देसाई'.
बँकेची चूक असणार, आधी असं वाटलं. मग आठवून बघितलं. जानेवारीत मी भरणार होतो, पण म्हादूला उसने दिले. फेब्रुवारीत ताप. मार्चमध्ये हुर्राकीचा सीझन. एप्रिल आठवत नाही. पुढचेही नाहीत.
शाळेचा पगार चार हजार सातशे. म्हणजे तिच्या हातात सातशे उरतात. त्यात ब्लाउज शिवून घर चालतं.
तरीही मुद्दा तोच. शिक्षा जास्तच आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७.
शिल्पा कापड कापत होती. म्हटलं, पावत्या तुझ्या नावाच्या आहेत, तेव्हा अर्जावर सही तुझीच लागेल. तिने अर्ज पूर्ण वाचला. मग म्हणाली, "बरोबर लिवलंय. अन्याय हाय."
मला फार बरं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पन तुमच्यावर न्हाई."
कात्री चालूच. "चूक तुमची, पाय मामांचा, आन हप्ता माजा. डिसेंबरपास्नं माजा पगार घरात. हप्ता तुमी भरायचा."
म्हटलं, आणि नाही जमलं तर? "तर कोर्ट बघंल. मी अकरा म्हैने बघितलं."
अर्ज तिने घडी करून माझ्या खिशात घातला. फाडला असता तर भांडता आलं असतं.

१६ नोव्हेंबर.
प्लॅन तयार. गोव्याला ड्रायव्हर. लायसन्स नाही. रिक्षा. लायसन्स नाही. अमोलच्या होमस्टेमध्ये मॅनेजर. अमोल म्हणाला, "अण्णा, पाहुणे गाडीची चावी देतात, तुमच्याकडे कशी देऊ?" आणखी कुठे जावं? अणशीकडे जंगल, दांडेलीकडे ओळखीचे, गावात उधारी. बाहेर पडायला रस्ता एकच आणि त्यावर मला गाडी चालवता येत नाही.
आज घेतली नाही. कोणी दिली नाही.

२४ नोव्हेंबर. संध्याकाळी ६.
म्हादूकडे भात कापायला गेलो. माझे उसने परत दे म्हणायला गेलो होतो खरं तर. त्याने विळा दिला. बायका दोन सरी पुढे गेल्या तेव्हा मी पहिल्याच सरीत. मजुरी साडेचारशे.
तीनला सुटलो, थेट बँकेत. स्लिप तीनदा चुकली. चौथी कॅशियर मॅडमनी भरून दिली. विचारलं, "ह्या खात्यात शिल्पाक्का भरतात. तुम्ही त्यांचे कोण?" म्हटलं, नवरा. त्यांनी चष्मा काढून बघितलं. मग म्हणाल्या, अर्धवट रक्कम चालत नाही, पूर्ण चार हजार झाले की या.
घरी आलो. पैसे शिल्पापुढे ठेवले. तिने मोजले, पुन्हा मोजले.
"तीन हजार पाचशे पन्नास राहिले," म्हणाली. आणि ताट वाढलं.
कंबर वाकत नाही. सकाळी सातला म्हादूचं शेत.