भेकरांची घळ

अहो,

तुम्हाला जाऊन दोन पावसाळे झाले, एक निरोप धाडला नाही. आज धाडते, कारण गावात तुमची पत वाढली आहे. नात लिहून घेते. माझी भाषा सुधारते पोरगी, तेवढं चालवून घ्या.

जंगलखात्याचे साहेब आपल्या शेलार गावात आले होते. भेकरं कमी झाली, म्हणून डोंगराचा एक तुकडा बंद करायचा: लाकूडफाटा नाही, गुरं नाहीत. नकाशावर त्यांनी बोट ठेवलं ते तळ्याकडच्या उतारावर. तिथे खुरं उमटलेली दिसली म्हणे. अख्ख्या गावाची चूल त्या उतारावर पेटते, पण साहेबापुढे बोलणार कोण?

मी बोलले. "साहेब, तळ्यावर भेकर पाणी प्यायला येतं. मीपण येते. म्हणून मी तिथं ऱ्हाते काय?"

ते हसले. "मग राहतं कुठे, आजी?"

"मागल्या घळीत, करवंदीच्या जाळीत. पाडस तिथंच घालतं. हाकारा झाला की पळतं तिथंच. आमचे मालक जाळं घळीच्या तोंडाशीच लावायचे."

तुमचा धाकटा भाऊ मला डोळ्यांनी दाबत होता. म्हटलं, "भावजी, गेलेल्या माणसाला कोण पकडतंय?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना घळीत नेलं. लेंड्या, बसायच्या जागा, सगळं तुम्ही सांगायचात तसंच. साहेबांनी नकाशावरची रेघ खोडली आणि घळीभोवती ओढली. जन्मभर भेकरं खाल्लीत, आणि आता त्यांचे जाणकार तुम्ही! हसू नको तर काय करू?

एक मात्र राहून गेलं. गाभण भेकर आणलंत, त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. तुम्ही उपाशी राहिलात, भांडला नाहीत, आणि जाळं पुन्हा कधी बाहेर काढलं नाहीत. तेव्हा मी फुगून बसले होते. चांगलं केलंत, हे आज सांगते.

आता घळ बंद म्हणजे लाकडं कुणाची गेली? माझीच. तीच तर घराजवळची. शेजारची काशी म्हणते, "आत्ये, गावाची मोळी वाचवलीस नि स्वतःची घालवलीस."

तरी वचन देते. घळीतली वाळकी काटकीसुद्धा आणणार नाही. तळ्याचा उतार लांब पडतो, गुडघे तुमच्या नावाने बोंबलतील, बोंबलू देत. आणि भावजी जाळं घेऊन तिकडे वळले, तर साहेबांकडे पहिली मी जाईन. दीर म्हणून सोडायची नाही.

अंगठा उठवला आहे.
तुमची कारभारीण