मातोश्रींची इच्छा

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. आम्ही दोघं ठीक आहोत. तूही ठीक असशील, हे आज प्रथमच न भीता लिहितो आहे.

तहाची बातमी इथे सोमवारी आली. तुला वाटेल लोक नाचले असतील. दादा, शहरात सुतक पडल्यासारखं झालं. आई तेवढी मोठ्याने हसली, तर शेजारचा धोबी तिच्याकडे असा बघत गेला, जणू तिने त्याच्या दोरीवरचे कपडे पळवले. त्याचंही बरोबर आहे, छावणीतले गणवेश तोच धुतो. खोकी बनवणारा सुतार, बुटांच्या कारखान्यातल्या बायका, खोल्या भाड्याने देणारे, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं आहे. न्हावी म्हणाला, चौथी खुर्ची मागच्याच महिन्यात आणली, आता तिच्यावर आपणच बसायचं आणि आरशात आपलंच तोंड बघायचं. तू भरती झालास तेव्हा इथे रेल्वेचा फाटा आणि दोन गोदामं होती, ती आठव. आज पाच मजली इमारती आहेत, दोन बँका आहेत, आणि सगळं तुमच्या पाठीवर उभं आहे. परवा एक म्हातारा दुसऱ्याला धीर देत होता, की घाबरू नका, तह कुठे टिकतात.

आमच्या तंबूच्या कारखान्यात दुसरी पाळी बंद झाली. माझं काम आहे तेच. शिवलेला तंबू ताणून उभा करायचा, शिवणीवर पाणी ओतायचं, आत जाऊन पाव तास वर बघत बसायचं आणि थेंब आला नाही तर शिक्का मारायचा. आधी दिवसाला चाळीस तंबू व्हायचे, आता अकरा. उरलेला वेळ मी नुसताच आत बसून वर बघतो.

आईच्या डोळ्यांचं लपवत नाही. डॉक्टर म्हणतात, मागची नस वाळत चालली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही. फार तर सहा-सात महिने माणसाचा चेहरा ओळखू येईल, नंतर फक्त उजेड आणि अंधार. तू सुटण्याचा अर्ज लवकर दे. ती रोज विचारते.

खाली उजव्या कोपऱ्यात डाग पडला आहे तो शाईचा आहे, दुसरं काही समजू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
धाकटा


दि. १३ फेब्रुवारी

चि. वेलांटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातला शाईचा डाग मी साहेबांना दाखवला आणि सांगितलं, की एक वेलांटीही चुकू न देणाऱ्या माझ्या भावाच्या हातून आयुष्यात झालेली ही पहिली चूक. ते हसले. तहानंतर इथे साहेबसुद्धा हसायला लागले आहेत.

सुटकेचा अर्ज दिला. कारण एकच लिहिलं आहे: आईची नजर जाते आहे, ती जायच्या आत तिने मला पाहावं. साहेब म्हणाले, इतकं सरळ कारण बऱ्याच दिवसांत वाचलं नाही, मिळेल. मे महिन्यात मी घरी असेन असं धर. आईला सांग, की मी काळा पडलो आहे आणि पुढचा एक दात गेला आहे, म्हणजे दारात बघून कोण हा मेला असं म्हणायची नाही.

शहराचं वाचून वाईट वाटलं आणि रागही आला. न्हाव्याला सांग, चौथ्या खुर्चीवर मी येऊन बसतो. मी आल्यावर पंपदुरुस्तीचं दुकान टाकणार आहे. पंप लढाईत बिघडतो तसाच शांततेतही बिघडतो, तेव्हा आपल्याला कुणाच्या तहाची भीती नाही. तूही त्या तंबूतून बाहेर ये. माणसाने किती दिवस वर बघत बसायचं?

आईला नमस्कार. तुला एक चापट, आणि त्यामागची सगळी माया.
तुझा,
दादा


दि. २ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मे महिना आईला सांगितला. तिने त्या दिवसापासून तुझी खोली तीन वेळा पुसली. कोपरे तिला दिसत नाहीत, ते मी तिच्या नकळत नंतर पुसतो.

एक मोठी बातमी आहे. आमच्या मालकांनी सगळ्या कारखानदारांची आणि दुकानदारांची सभा घेतली. सरकारला निवेदन द्यायचं ठरलं, की तह झाला तरी पुढची ठाणी उठवू नयेत, छावणी हलवू नये, शहराने आपलं सर्वस्व यात घातलं आहे. मसुदा कोण लिहिणार असा प्रश्न आला तेव्हा मालकांनी मला उभं केलं. दादा, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, आणि समोर वकील बसलेले. मालक म्हणाले, याच्या नोंदवहीत तीन वर्षांत एक खाडाखोड नाही. पाच रात्री खपून मी सात पानं लिहिली. वकिलांनी एक स्वल्पविराम तेवढा बदलला, तोही मी नंतर परत पूर्वीसारखा केला.

सैनिकांच्या घरच्यांची पत्रं सोबत जोडली तर वरचे लोक विरघळतात, असं मालकांचं म्हणणं. अशी एकवीस घरं झाली, त्यात आपलंही आहे. सगळी पत्रं मीच लिहिली. आईने सही केली. मी तिचं बोट जागेवर टेकवून दिलं, तरी सही थोडी खाली उतरली. तू काळजी करू नकोस, तुझ्या सुटकेचा याच्याशी काही संबंध नाही. तुझ्यासारखे सुटून येतील, नवे जातील, ठाणं राहील आणि तंबू लागतील. असं सगळ्यांचंच भलं होईल.

दुसरी पाळी पुन्हा सुरू होणार, असं कारखान्यात बोलतात. रस्त्यात लोक मला नमस्कार करतात. सवय नाही, त्यामुळे मी उलट दिशेने जातो.

लोभात उणं पडू देऊ नकोस.
तुझा,
धाकटा


दि. १९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

अर्ज नामंजूर झाला. सोबत एका कागदाची नक्कल आली आहे. ती मी उलटसुलट करून चार वेळा वाचली. अक्षर तुझं आहे, लाखात ओळखीन. त्यात लिहिलं आहे, की आमच्या घरचा ज्येष्ठ मुलगा पुढच्या ठाण्यावर असून, देशाला गरज असेतोवर त्याने तिथेच राहावं, घराची चिंता करू नये, अशी त्याच्या मातोश्रींची इच्छा आहे. खाली आईची सही. आणि कुणाचा घोटाळा होऊ नये म्हणून माझा सैनिक क्रमांक, तुकडी आणि ठाणं, सगळं बिनचूक. साहेबांनी सांगितलं, की क्रमांक नसता तर हा कागद कुठल्या तरी गठ्ठ्यात पडून राहिला असता. बाकीच्या वीस घरांनी तो घातला नव्हता म्हणे. तूच त्यांची पत्रं लिहिलीस, मग आपल्याच घरावर एवढी मेहरबानी का केलीस?

साहेबांनी विचारलं, की आईला मुलगा घरी हवा आहे की ठाण्यावर, तुमच्या घरात नक्की चाललं आहे काय. मी खाली मान घालून उभा राहिलो. सहा वर्षांत गोळीबारात मान खाली घातली तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती.

एक वाट अजून आहे. ते म्हणणं आपलं नाही, असं आईने लेखी कळवलं आणि तो कागद ३ एप्रिलच्या आत साहेबांच्या टेबलावर आला, तर ते प्रकरण पुन्हा वर पाठवतील. त्यानंतर माझी फाईल बंद होईल आणि मुदत दोन वर्षांनी वाढेल. टपालाला सहा दिवस लागतात. हे पत्र मिळेल त्याच दिवशी लिही. सुंदर लिहू नकोस, लवकर लिही.

दादा


दि. २ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र आज सकाळी रजिस्टर टपालाने पाठवलं. पावती जपून ठेवली आहे. आज २ तारीख आहे, हे मला दिसतं आहे. उशीर का झाला ते सगळं लिहितो, काही गाळत नाही.

क्रमांकाचं आधी सांगतो. बाकीच्या घरांना त्यांचे क्रमांक पाठ नव्हते. मला तुझा होता. अर्धवट माहितीचा कागद माझ्या हातून जात नाही, तुला ठाऊक आहे. माझ्या मनात एवढंच होतं.

तुझं पत्र २५ तारखेला मिळालं. त्याच संध्याकाळी मी कागद लिहिला आणि आईची सही घेतली. दुसऱ्या दिवशी टपालात टाकण्याआधी मालकांच्या कानावर घालावं असं वाटलं. ज्यांच्यासाठी निवेदन लिहिलं, त्यांना न विचारता त्यातलं पान मागे घेणं मला चोरी केल्यासारखं वाटलं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. फक्त आठ दिवस थांब. सरकारचा माणूस ठाण्यांचा निर्णय द्यायला येतो आहे, आज एका आईने शब्द फिरवला तर उद्या बाकीच्या वीस जणी फिरवतील आणि दोन हजार चुली विझतील. सरकारी तारखा रबरासारख्या असतात, चार दिवस इकडेतिकडे झाले तर कुणी विचारत नाही, असंही म्हणाले. बाहेर पडलो तर दाराशी शिवणकाम करणाऱ्या बायका उभ्या होत्या. पाळी कधी सुरू होणार, म्हणून मलाच विचारत होत्या.

मी थांबलो. तो कागद सात दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. तंबूत बसलो की हाताला लागायचा. काल निर्णय झाला. ठाणी कायम राहणार, तंबूंची मागणी दुप्पट. धोब्याने भट्टी वाढवायला घेतली. मला कायम केलं आहे आणि माझ्या हाताखाली दोन तपासनीस दिले आहेत. हे तुला कळवायची लाज वाटते, पण न कळवलं तर तेही लपवणंच होईल.

तारखा खरंच रबराच्या असतील का रे?

तुझा,
धाकटा


दि. ११ एप्रिल

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

आईचं पत्र ८ तारखेला आलं. फाईल ४ तारखेला बंद झाली. साहेबांनी तरी शब्द टाकून पाहिला. वरून उत्तर आलं, की आईचं आधीचं म्हणणं खरं की नंतरचं, हे ठरवत बसायला सरकारला वेळ नाही. दोन वर्षं.

तुझ्या मालकांना सांग, की इथे कुणी कुणावर गोळी झाडत नाही. पलीकडचेही तंबूत बसतात, आम्हीही बसतो. आम्ही बसतो म्हणून तंबू लागतात आणि तंबू शिवून झाले म्हणून आम्हाला बसवतात. पलीकडेही असंच एखादं शहर असेल, असाच चौथ्या खुर्चीचा न्हावी असेल आणि तुझ्यासारख्या अक्षराचा कुणी असेल. परवा त्यांच्यातल्या एकाने लांबून हात केला. मीही केला. दुसरं करायला काही नव्हतं.

इथल्या पोरांना तुझ्याबद्दल कळलं. सातजण म्हणतात, तुझ्या भावाने लिहिलेला कागद सरकार मानतं, त्याच्याकडून आमचे सुट्टीचे अर्ज लिहून घे. मी हसलो. तूही हस, जमलं तर.

रागावलो नाही असं लिहिणार होतो. ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही. एकच विचारतो आणि खरं सांग. ते वाक्य आईला ऐकवलं होतंस का?

दादा


दि. २३ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नव्हतं ऐकवलं.

बाकी सगळं पत्र वाचून दाखवलं. त्या ओळीशी आलो तेव्हा तिने मान वर केली होती, ऐकायला. मी ती ओळ सोडून पुढची वाचली. निवेदनात असं लिहायची पद्धत असते, त्याचा अर्थ कुणी धरत नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण नुसती पद्धतच असती तर ती ओळ मी वाचून दाखवली असती. दुसरा कागद सहीला घेतला तेव्हाही सरकारी रीत म्हणून सांगितलं, आणि तोही वाचून दाखवला नाही.

रविवारी मी तिला सगळं सांगितलं. दोन वर्षांचंही. तिने ते वाक्य मला मोठ्याने वाचायला लावलं. मग पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा माझा आवाज फुटेना, तर म्हणाली, लिहिताना बरा फुटला होता.  मालकांकडून मिठाईचा पुडा आला होता, तो तिने चाचपडत नेऊन धोब्याच्या ओट्यावर ठेवला.

काल ती डॉक्टरकडे जायचं नाही म्हणाली. सहा-सात महिने कुठले, तिला आताच मी दारात उभा राहिलो की कोणीतरी उभं आहे एवढंच कळतं. मी खोकलो की मग माझं नाव घेते. हे तुला लिहायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. ती मी आत्ता मोडली आहे. यापुढे तुला काहीच गाळून लिहिणार नाही.

तिचा निरोप आहे, तो वेगळा लिहितो. तू अगदी सावकाश ये, तिची नजर पूर्वीपेक्षा बरी आहे आणि तू आलास की ती तुला दारातच ओळखेल. हे तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. लिहून झाल्यावर तिने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि मी एकही शब्द सोडला नाही.

तुझ्या मायेवर माझा हक्क उरला आहे का, ते तू ठरव.
तुझा,
धाकटा