नळीवरचं फडकं

पुणे,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय इंद्रायणी वहिनी,

नमस्कार. सोपानदादाने नारायणगावहून पाठवलेले टोमॅटो पोचले. एकट्या बाईला दोन क्रेट पाठवतो, काय म्हणावं या माणसाला! शेजारच्या चार घरी वाटले, तरी फ्रिज अजून लाल आहे.

फोनवर बोलले असते, पण मागे तुझ्या ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज ऐकू आला की मला काही सुचत नाही. हे पत्र लेकीकडून, अक्षदाकडून वाचून घेऊ नकोस. सातवी पास आहेस, तूच सावकाश वाच.

आपला लेख आता चौदाशेच्या वर गेला. म्हणजे जगातल्या चौदाशे लेखांनी त्याचा दाखला दिला. म्हशीचं दूध विचारावं तसं तू दर फोनला विचारायचीस, "आता किती झालं गं?" आणि मीही ऐटीत आकडा सांगायचे. तीस वर्षं हवेचं रसायन शिकले, शंभरेक लेख लिहिले, पण लोक मला ओळखतात ते या एकाच लेखामुळे. पारगावच्या आपल्या गच्चीवर ते हवा ओढणारं यंत्र होतं ना, त्याच्यावरचा. तीन हंगाम दर सोमवारी तू त्यातला गाळणीचा कागद बदललास, पाकिटात घालून मला पाठवलास. ऊसतोडीनंतर फडातलं पाचट पेटवलं तरी त्या कागदांवर काजळी जेमतेम असायची. मी लिहिलं, उसाच्या फडाचा धूर वस्तीपर्यंत फारसा पोचत नाही. असं कुणी म्हटलंच नव्हतं, म्हणून सगळ्यांनी उचललं. शेवटी आभारात तुझं नाव आहे. दादाने ते पान चौकटीत लावलंय.

तो लेख खोटा आहे, वहिनी.

अक्षदाच्या साखरपुड्याला आले होते, २०१९ साली, तेव्हा मी गच्चीवर गेले. लेख केव्हाच छापून झाला होता, यंत्र तरी तिथेच होतं. यंत्राच्या नळीच्या तोंडावर जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं होतं, काळंकुट्ट. तू मागून आलीस आणि म्हणालीस, "अगं, काजळी लई पडती. तुझं मशीन घाण व्हतं, म्हणून पाचट पेटवलं की बांधती आन धूर गेला की सोडती. पैल्या वर्सापासनं करती मी."

पाण्याचा हंडा झाकावा तसं तू माझं यंत्र झाकत होतीस; काजळी फडक्यातच अडत होती. यात तुझी काहीच चूक नाही. नळीचं तोंड उघडं राहिलं पाहिजे, हे मी तुला कधी सांगितलंच नव्हतं. कागद कसा बदलायचा तेवढं शिकवलं आणि पुण्याला पळाले. तिन्ही वर्षांत एकदाही ऐन धुरात येऊन पाहिलं नाही.

तिथेच मला कळलं होतं, सगळं. पंधरा दिवसांनी माझी बढतीची मुलाखत होती. मी म्हणाले, "बरं केलंस वहिनी," आणि खाली येऊन पेढा खाल्ला.

पुढच्या वर्षी ग्रामसभेत कृषी खात्याचा माणूस पाचट जाळू नका सांगायला आला, तेव्हा दादा उभा राहिला. त्यानेच हौसेने फोन करून सांगितलं होतं, "म्या म्हनलं, आमच्या मोहिनीनं मोजलंय, साहेब. धूर घरापातूर येतच न्हाई. मानूस गपगार!" मी हसले. एका शब्दाने अडवलं असतं तर? नाही अडवलं. त्यानंतर चार हंगाम गावाने बिनघोर पाचट पेटवलं, आपण तर घराच्या मागेच. तू दोरीवरचे कपडे काढायला त्याच धुरात जायचीस.

डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं धुरानेच गेली असं खात्रीने सांगता येत नाही. त्यांना नसेल येत. घरात गॅस येऊन पंधरा वर्षं झाली, तू कधी मिश्रीसुद्धा लावली नाहीस. मला दुसरं कारण सापडत नाही, आणि मी फार शोधलं.

गेल्या सोमवारी लेख मागे घेते म्हणून नियतकालिकाला कळवलं. तुला वाटेल, चला, सुटली. तसं काही होत नाही गं. लेखावर एक शिक्का बसेल, तो कुणी वाचणार नाही. चौदाशे लेख आहेत तिथेच राहतील. याच आठवड्यात आणखी तिघांनी दाखला दिलाय. दादाला मी पाचट कुजवायला सांगितलं तर म्हणाला, "तूच लिव्हलंस ना?"

आणि अजून एक. नियतकालिकाच्या अर्जात रकाना होता, चूक तुमच्या लक्षात कधी आली? मी लिहिलं, जानेवारी २०२५. २०१९ लिहिलं असतं तर नोकरी, नाव, काहीच उरलं नसतं. तुझ्या नाकात नळी आहे हे माहीत असताना मी हे केलं. मला वाटलं होतं यावेळी तरी हात थांबेल, पण थांबला नाही.

खरं साल आता आपल्या दोघींनाच माहीत आहे. अक्षदा सांगते, तुला चार शब्दही सलग बोलवत नाहीत. साल सांगायला तेवढे लागत नाहीत. कुणालाही सांग. मी नाही म्हणणार नाही, पण स्वतःहून सांगण्याची हिंमत माझ्यात नाही, आणि ती येईल असंही मला आता वाटत नाही.

माफी मागत नाही, कारण तू लगेच देशील.

तुझ्या हाताखाली वाढलेली,
मोहिनी