सुनेच्या नावाची मिठाई

उल्हासनगर, कॅम्प ४
रविवार, ४ मे २०२५

चि. पायल,

सप्रेम जय भीम. आम्ही बापलेक इकडे ठीक आहोत. तू आणि उन्नती चामटोलीला खुशाल असाल. तुझ्या आई-दादांना माझा जय भीम सांग.

इकडे उकाडा फार. तू लावलेल्या मिरचीला सात मिरच्या आल्यात, तोडायचं कुणाच्या लक्षात येत नाही. सम्यक वरण-भात शिकलाय. मीठ कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही, पण जेवण होतं.

माझ्या पायाचं 'छोटं ऑपरेशन' झालं असं त्याने तुला कळवलंय म्हणे. छोटं नाही. डाव्या पायाची करंगळी काढली. चपलेतून खिळा वर आला होता, मी दोन दिवस तसाच फिरलो आणि मला कळलंच नाही. साखरेने पायातली जाणीवच मारून टाकली आहे. तू होतीस तेव्हा रोज संध्याकाळी जमिनीवर आरसा ठेवून मला तळवे बघायला लावायचीस. मी वैतागायचो, "या वयात मला काय नवरदेव करतेस?" तू गेलीस, आरसा भिंतीवरच राहिला.

डॉक्टर म्हणाले, "काका, साखरेची तीन महिन्यांची सरासरी अकरा आलीय. घरात कोण एवढं गोड खायला घालतं?" सम्यकने बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. दर खेपेला त्या खुर्चीवर तू बसायचीस.

कोणी घातलं नाही, पोरी. मीच खाल्लं.

विहारातून येताना त्या सिंधी सेठचं दुकान लागतं. सेव बर्फीचा वास आला की माझे पाय आपोआप वळायचे. एकदा सेठने विचारलं, "काका, आपको तो शुगर है ना?" मी पटकन म्हणालो, "मेरे लिए नहीं, बहू को पसंद है." झालं. तेव्हापासून रोज तुझ्या नावाने पाव किलो. मागच्या गल्लीत वर्कशॉपच्या आडोशाला उभ्याउभ्या संपवायचो, नळावर चूळ भरायचो, मिशा पुसायचो आणि घरी येऊन तू मोजून वाढलेली भाकरी गरीब चेहऱ्याने खायचो. तपासणीआधी चार दिवस मात्र कारल्याचा रस. उपाशीपोटीची शुगर बरी आली की तू लहान मुलीसारखी नाचायचीस, "बाबा, बघा, आली ना खाली!" तेव्हाही मला लाज वाटायची. पण बर्फी सुटत नव्हती.

होळीच्या आधी सम्यक ऑफिससाठी होळीची मिठाई, घिअर, आणायला त्याच दुकानात गेला. सेठ सहज बोलला, "भाभी की बर्फी भी दूँ? काका तो रोज ले जाते हैं." पुढचं तुला माहीत आहे. तो घरात शिरला तो ओरडतच, "शुगरच्या माणसाला रोज मिठाई आणायला पाठवतेस? लाज नाही वाटत?"

तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बाबा, सांगा ना."

मी सांगितलं नाही. गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणालो, "जाऊ दे रे, पोरीची जात, खावंसं वाटतं एखादीला." म्हणजे गुन्हा माझा आणि माफी मी तुला दिली! तू माझ्याकडे जे बघितलंस, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. मग तू उन्नतीचे कपडे भरलेस.

दारू पिणाऱ्या पोरांना मी चारचौघांत झापलंय. ती तरी आपल्या नावाने पितात. दर रविवारी विहारात मी पंचशील देतो. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझा आवाज बसतो आणि लोक म्हणतात, काकांना आराम द्या. पौर्णिमेला दुसऱ्या कुणाला तरी उभं करा, असं मी कळवलंय. तुझी सासू असती तर तिने मला त्याच दिवशी सरळ केलं असतं.

काल काठी टेकत सेठकडे गेलो. म्हणालो, "बहू ने कभी नहीं माँगा. सब मैं खाता था." त्याने स्टूल पुढे केलं, "काका, बैठो, पानी पियो." लोक ऐकत होते. बरं झालं.

सम्यकला सांगायचं तीनदा ठरवलं, पण जीभ उचलली नाही. सेठला सांगितलं आणि पोटच्या पोराला घाबरलो. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती पाठवतोय. पाकीट चिकटवलेलं नाही आणि वर लिहिलंय, 'सम्यक, आधी तू वाच.' तो तुझ्या दारात येईल तेव्हा त्याला सगळं माहीत असेल. त्याला आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तू ये, असं म्हणायला मला तोंड नाही. माझे पाय बघायला तर मुळीच येऊ नकोस. आरसा मी स्वतः खाली ठेवायला लागलोय. उन्नतीला मात्र एवढं सांग, तिच्या आईने काही केलं नव्हतं.

'तुझे बाबा' असं लिहायला हात धजत नाही.

तुझ्या नावाने खाणारा,
शंकर